पडद्याआडचे मासे

साठ सालच्या आसपासची गोष्ट. जत्रेत गाण्याचा कार्यक्रम होता. त्यासाठी आम्ही मासे विकणाऱ्या दहा-बारा बायका दोन महिने शाळेत समूहगान बसवत होतो. आदल्या दिवशी जत्रेच्या कमिटीचे अध्यक्ष तालमीला आले, सोबत पडदा घेऊनच. शुद्ध मराठीत म्हणाले, "यामागून गा. बायकांनी चारचौघांत गाणं शोभत नाही."

माझं टाळकंच सटकलं. याच माणसाला गिऱ्हाईक म्हणून बोलवायला आम्ही रोज भर बाजारात घसा फोडून ओरडायचो, ते शोभत होतं?

दुसऱ्या सकाळी बाजारात तोच पडदा बांधून आम्ही माशांच्या पाट्या घेऊन मागे बसलो. अध्यक्ष पिशवी घेऊन आले.

"मासे दिसनत नाय, घेव कसे?"

मी आतूनच ओरडले, "पडद्याआडचा गाणा चलता मां तुमका? मगे मासे पण चलतले!"