आप्पांचा आवाज मी बंद केला

आप्पा गेले त्या दिवशी घरात सगळ्यात मोठ्याने मी रडले.

सासूबाईंनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आज वर्ष झालं. त्यांनी का पाहिलं नाही, ते लिहिते.

आप्पा म्हणजे माझे सासरे. कारेगावचे. शेती सांभाळून पंचवीस वर्षं कंपनीत फिटर.

दुसरी पाळी असली की टीव्हीवरची मालिका हुकायची. तेव्हा गाजलेल्या मालिकांची पुस्तकं निघायची, कव्हरवर हिरो-हिरॉइनचे फोटो छापलेली. आप्पा ती दौंड स्टेशनच्या स्टॉलवरून आणायचे. हुकलेला एपिसोड पुस्तकात गाठायचे आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्या लाईनला सांगायचे. आवाज काढून.

मी शिरूरला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. लग्न होऊन आले तेव्हा कपाटात ती पुस्तकं पाहिली आणि म्हटलं, "आप्पा, मी तुम्हाला चांगली पुस्तकं आणून देते हं."

"ही वाईट हायेत व्हय?" ते हसून म्हणाले.

मीही हसून कपाट लावलं. पण माझा चेहरा त्यांनी वाचलाच असणार.

इरा, माझी मुलगी, नऊ वर्षांची झाली तेव्हा माझ्या भावाने तिला एक खेळ दिला. रोल-प्लेइंग गेम. सगळ्या घराने मिळून खेळायचा. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. अडचण आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि जे पडेल त्यावर गोष्ट पुढे.

नियमांचं पुस्तक इंग्लिशमध्ये. इरा वाचायची, आप्पा डोकं लावायचे. दोन रविवारांत त्यांनी ते पुस्तक बाजूला ठेवलं आणि मालिकांच्या पुस्तकांतलं थोडं, मनातलं थोडं घेऊन स्वतःच गोष्ट सांगायला लागले.

"नदीला पाणी लई हाय. पूल तुटलाय. पलीकडं हडळ बसलीय. बोला, काय करताय?"

"मी तिच्याशी बोलते," इरा म्हणायची.

"टाक मग फासा!"

सासूबाई या खेळात चोर झाल्या होत्या. आयुष्यभर कुणापुढे मोठ्याने न बोललेली बाई, पदर खोचून म्हणायची, "मी कुलूप तोडते."

मला बोलवायचे. मी म्हणायचे, पेपर तपासायचेत.

एका रविवारी दुपारी आप्पांनी अंगावर गोधडी घेतली, डोक्याला सासूबाईंचं लुगडं गुंडाळलं आणि हडळ होऊन रडायला लागले. इरा पोट धरून हसत होती.

मी दारातून व्हिडिओ काढला.

याच प्रोफाईलवर टाकला. वर लिहिलं, "सासरेबुवांचं दुसरं बालपण 😂😂"

लाईक्स मोजत बसले होते मी. स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवला. मजा आली. खोटं कशाला बोलू?

कुणीतरी तो गावाच्या ग्रुपवर टाकला.

मग चहाच्या टपरीवर, डेअरीवर सुरू झालं. "आप्पा, हडळ काढा की एकदा!" तेही ते हसण्यावारी न्यायचे.

पण आप्पांना गावात मान होता. भावाभावांत वाद झाला की लोक त्यांना बोलवायचे. त्याच महिन्यात एका घरी बांधाच्या भांडणाची बैठक होती. आप्पा बोलायला उभे राहिले, तर भांडणाऱ्यांतला धाकटा भाऊ म्हणाला, "हडळीला कशाला विचारताय?"

सगळे हसले.

आप्पा उठून घरी आले. पाणी प्यायले. हे मला चार दिवसांनी नवऱ्याकडून कळलं.

मी त्या रात्री व्हिडिओ डिलीट केला. आप्पांशी मात्र एक शब्द बोलले नाही.

रविवारी इराने खेळ मांडला. आप्पा म्हणाले, "घसा बसलाय बाळा."

पुढच्या रविवारीही घसा बसलेला.

त्याच्या पुढच्याही.

मग इराने विचारायचं सोडलं. आणि पुन्हा कुठल्या बैठकीला आप्पा गेले नाहीत.

एकदा स्वयंपाकघरात सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आम्ही घरात हसत हुतो ते येगळं. तू त्यास्नी गावाचं हसू केलंस."

मी म्हणाले, "आई, मी काय मुद्दाम केलं का?"

त्यांनी भाकरी उलटली. बस.

मागच्या वर्षी आप्पांना शिरूरला ॲडमिट केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. मी सगळा धीर गोळा केला.

"आप्पा, तो व्हिडिओ..."

"कुठला गं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं आठवत होतं. डोळ्यांत दिसत होतं.

"मला न्हाई काय आठवत," ते म्हणाले. "तू जेवलीस का?"

आणि मला हायसं वाटलं.

माफी मागावी लागली नाही म्हणून सुटल्यासारखं वाटलं. व्हिडिओपेक्षा मला या गोष्टीची जास्त लाज वाटते. त्या माणसाने मरता मरता मला वाचवलं, आणि मी गुपचूप स्वतःला वाचवून घेतलं. "जेवले," म्हणाले, आणि मोबाईल बघत बसले.

दोन दिवसांनी ते गेले.

परवा इराने वर्षभरात पहिल्यांदा तो खेळाचा डबा खाली काढला. सासूबाई चटईवर बसल्या. मी दारातच उभी होते. आत जायची हिंमत होईना.

सासूबाई थोड्या सरकल्या. म्हणाल्या, "बस."

मी बसले. मला एकही नियम माहीत नव्हता. अकरा वर्षांच्या पोरीने पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं. गोष्ट सांगायला कुणीच तयार होईना, म्हणून आम्ही तिघी आळीपाळीने एकेक वाक्य बोललो. फार काही जमलं नाही.

जे त्या व्हिडिओवर हसले, त्यांचा दोष नाही. हसा म्हणून मीच सांगितलं होतं.

आप्पा, माझं चुकलं.

हे तुमच्या कॉटशेजारी बसून बोलायचं होतं. तुम्ही ऐकत होतात तेव्हा.

तुम्हाला मनापासून नमस्कार.