बीमखालची जपानी गाडी

परदेशातून जुनी गाडी आणायची तर ती पन्नास वर्षांहून जुनी लागते, असं एजंटनं सांगितल्यावर मी जपानमधली एक डिझेल फोर-व्हील-ड्राइव्ह शोधून काढली. विकणाऱ्या गृहस्थांकडून तिची उंची दोनदा मोजून घेतली. कोथरूडच्या आमच्या पार्किंगच्या तोंडाशी असलेला बीमही मोजला. मापानं गाडी आरामात आत जात होती. पण ती जहाजात असताना सोसायटीनं खाली पेव्हर ब्लॉक बसवले, आणि जमीन वर आली हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

गाडी आली. बायकोनं ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली. मी गिअर टाकला, लिंबं चिरडली आणि टप बीमला टेकला. दोन बोटं जागा कमी! मी नुसता धुमसत होतो. पहिल्यापासून या गाडीला विरोध करणारे आमचे सेक्रेटरी म्हणाले, "एखाद्या संग्रहालयात विचारून बघा."

बायको मला म्हणाली, "अहो, माणसं बसली की गाडी दबते ना? मग बसवा की यांनाच."

सेक्रेटरी कुरकुरत मागे चढले, पाठोपाठ बघायला जमलेली अख्खी कमिटी. स्प्रिंगा दबल्या आणि गाडी बीमखालून अलगद आत गेली. हुश्श! कित्येक महिन्यांनी माझ्या जिवात जीव आला.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात सेक्रेटरी उभे, डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बाटली.

"आम्ही बसल्याशिवाय गाडी बाहेर निघणार कशी?" ते म्हणाले. "बोला, सिंहगड की पानशेत?"