चिन्नोराचा वास

गंजावरचं झाकण थडथडतंय, म्हणजे नव्या चिन्नोराचा भात होत आला. याचा वास चार घरं ओलांडून जातो, पण मला काही येत नाही. मागच्या तापात माझं नाकच गेलं. डॉक्टर म्हणाले, वास टिपणारे बारीक तंतू नाकात अगदी वर असतात. ते सुकले की जिभेला नुसतं गोड, खारट, आंबट, कडू कळतं. बाकीची चव नाकाचीच.

मायचंही असंच झालं होतं. आसगावात तांदूळ पारखायला लोक तिच्याकडे यायचे. ती मूठभर तांदूळ तळहातावर चोळायची, त्यावर तोंडाची गरम वाफ सोडायची आणि हुंगून सांगायची, अस्सल चिन्नोर की मिसळीचा. म्हातारपणी तेच नाक गेलं.

एका दुपारी घरातला चिन्नोर संपला होता. मी गुपचूप जाडा तांदूळ शिजवला. माय चुलीजवळ सरकली, वाफेवर वाकली.

"सांग ना वो, येऊन राहिला का वास?"

"येऊन राहिला ना, माय. घरभर सुटला."

ती पोटभर जेवली. आपण छान निभावलं, असं मला वाटलं.

आता वाटतं, चिन्नोराचा दाणा किती बारीक! भात कालवताना तिच्या बोटांना कळलंच असणार. तरी ती पोटभर जेवली.

मी झाकण काढून वाफेवर वाकते. चष्मा धुरकट होतो. घरात मला खोटं सांगायलाही कुणी नाही.