मेलेल्याच्या गाडीचे शॉकअप

माझ्या भावाची मोटारसायकल साडेसहाशे सीसीची. जुनीच घेतलेली, पण जिवापाड जपलेली. आमच्या वणीत दोरीवरचं पांढरं कापड संध्याकाळपर्यंत कोळशाच्या धुळीनं राखाडी होतं, तरी ही गाडी आपली चकाकत असायची. एका संध्याकाळी दिवे न लावता रस्त्यात उभ्या असलेल्या टिप्परवर तो मागून जाऊन आदळला. गाडीचं तोंड आत गेलं. भावाचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

शुद्धीवर आल्यावर त्यानं पायाचं काही विचारलं नाही. ‘ताई, गाडी कुठी हाय?’ एवढंच म्हणाला. मी म्हटलं, ‘दुरुस्तीला टाकली.’ गाडी तेव्हा पोलीस ठाण्याच्या आवारात उताणी पडली होती. पण बोलून गेले आणि ते माझ्याच गळ्यात पडलं. घरी आल्यावर त्यानं जाहीर केलं, गाडी उभी राहिली की मगच पाय बसवून घेईन. तोवर व्यायाम नाही, काठी नाही, काही नाही.

डॉक्टरांनी बजावलं होतं, गुडघा सरळ ठेवा, खाली उशी देऊ नका. एकदा आखडला तर कृत्रिम पाय बसणं कठीण. आणि माझी आई रोज त्याच्या गुडघ्याखाली उशी सरकवायची. मी काढायची, ती पुन्हा ठेवायची. ‘दुखते त्याले,’ म्हणायची. मला दोघांचाही संताप यायचा. एक हट्टानं पाय गमावत होता, दुसरी मायेनं. आणि मधल्या मध्ये मी, शाळेत पोरांना पाढे शिकवणारी बाई, पुढचे शॉकअप शोधत फिरत होते.

गाडीचं बाकी सगळं जुळत होतं. नडले ते पुढचे दोन शॉकअप, म्हणजे चाकाला धरून ठेवणारे ते दोन दांडे, आणि हेडलाइट. कंपनीनं ते मॉडेलच बंद केलेलं. वणीत टिप्परचा कुठलाही नट मागा, डोळे झाकून काढून देतील. या गाडीचं नाव काढलं की दुकानदार मान हलवायचे. ‘म्याडम, हे हत्तीचं सामान हाय, आमच्याकडे बैलाचं भेटते.’

आमच्या मेकॅनिकनं मला एक गोष्ट शिकवली होती. शॉकअपचा पाईप काचेवर लोळवायचा. खालून कुठं उजेड डोकावला तर तो वाकलेला, घ्यायचा नाही. तेव्हापासून माझ्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली काच असायची. नागपूरच्या भंगारबाजारात मी काच काढली की लोक गोळा व्हायचे, बाई आता आरसा विकणार म्हणून. प्रत्येक दुकानदार आधी शपथ घ्यायचा, ‘ॲक्सिडेंटची नाही, आईशप्पथ.’ मग पाईप लोळवला की खालून सरळसरळ उजेड. आईची शपथ इतकी स्वस्त झालेली मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. मोबाइलवर तर तीन वेगवेगळ्या माणसांनी मला एकाच जोडीचा फोटो पाठवला. फरशी तीच, कोपऱ्यातला झाडूसुद्धा तोच. एकदा डावा सरळ मिळाला, पण उजवा कोयत्यासारखा. जोडीशिवाय एकटा काय कामाचा?

घरी पाऊल टाकलं की खाटेवरून प्रश्न यायचा, ‘भेटले का?’ मी नाही म्हणायची. तो भिंतीकडे तोंड करायचा. त्याचा गुडघा दर वेळी थोडा अधिक वाकलेला दिसायचा, की मलाच तसं वाटायचं, कोण जाणे. रस्त्यानं तसली कुणाची गाडी दिसली की वाटायचं, ही पडावी, हिचे शॉकअप मला मिळावेत, दुसरं काही नको. असं मनात यायचं आणि माझी मलाच भीती वाटायची.

मग एका टिप्परवाल्यानं मेकॅनिकला सांगितलं, झरी जामणीकडे एका गावात अशीच गाडी ताडपत्रीखाली उभी आहे. मागून ठोकर बसलेली, तोंड शाबूत. पोरगा जागीच गेला होता.

मी मेकॅनिकला घेऊन गेले. घराच्या एका अंगाला कापूस रचलेला, दुसऱ्या अंगाला ती गाडी. मागचा भाग चेपलेला आणि पुढून इतकी स्वच्छ की बघवेना. पोराची आई रोज पुसायची. कशासाठी आले ते मला सांगता येईना. बोलायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. मग मेकॅनिकनंच सांगितलं. पोराचा बाप गाडीकडे वळला. मग मला म्हणाला, ‘तुमचा जित्ता हाय ना?’

‘हाय.’

‘मंग न्या, बाई. काहून इचारता?’

पैशाचं त्यानं बोलू दिलं नाही. मेकॅनिकनं शॉकअप काढले, मी अंगणात काच मांडली. दोन्ही पाईप लोळवले. खालून उजेड नाही. महिनोन्‌महिने ज्याच्यासाठी जीव टाकला ते समोर होतं आणि मला आनंद करायची सोय नव्हती. शॉकअपबरोबर पुढचं चाकही निघाल्यामुळं गाडी विटांवर टेकवली होती, मान खाली घालून. मेकॅनिक हेडलाइटच्या स्क्रूला हात घालणार तोच पोराची आई पुढं आली. ‘तेवढा राहू द्या,’ म्हणाली. ‘मी सकाळी त्याच्याच तोंडाकडे पाह्यतो.’

आम्ही हेडलाइट तसाच ठेवला.

घरी वेगळंच. आमच्या घरात लिंबू-मिरची, अंगारा-धुपारा कधी चाललं नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून नाही. दाराला बाहुली टांगणाऱ्या शेजारणींना माझ्या आईनं आयुष्यभर झापलं. तीच आई आता दारात आडवी उभी. ‘मेलेल्याच्या गाडीचं सामान माह्या पोराच्या गाडीले लावू देणार नाही.’

मी भडकले. ‘तू कधीपासून हे मानायला लागलीस?’

‘पोरगं मरता मरता वाचलं, तवापासून.’

ती रडत होती, मी दारात शॉकअप पोटाशी धरून उभी होते. शेवटी मेकॅनिकनं ते आपल्या गॅरेजात नेले आणि गाडी तिथंच जोडली. आई तिकडे फिरकली नाही.

गाडी अंगणात आली तेव्हा भावाची खाट ओढून दारात आणली. आई खाटेमागे, उंबऱ्याच्या आतच उभी राहिली. मेकॅनिकनं स्टार्टर दाबला, इंजिन लागलं. भाऊ हसेल असं वाटलं होतं. तो गाडीच्या तोंडाकडे बघत होता, तिथं नुसत्या वायरी लोंबत होत्या.

‘हेडलाइट?’

मग मी सगळं सांगितलं. पोलीस ठाण्यापासून. शॉकअप कुणाचे, ताडपत्री, विटा, हेडलाइट का नाही, सगळं.

‘ते माय एकटीच राह्यते?’

‘नवरा हाय.’

‘जाऊ तिच्याकडे,’ तो म्हणाला. ‘पायानं जाऊ.’

आणि गुडघ्याखालची उशी त्यानं स्वतः ओढून काढली. दोन्ही हातांनी गुडघा खाली दाबला. गुडघा हलला नाही. पुन्हा दाबला. सगळ्यांना दिसलं, पाय अर्ध्यातच अडला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

‘माय,’ तो म्हणाला, ‘तू दाब.’

आई खाटेवर बसली. ज्या हातांनी ती उशी ठेवायची तेच दोन हात तिनं त्याच्या गुडघ्यावर ठेवले आणि अंगाचा भार टाकला. भावाच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती मी दवाखान्यातही ऐकली नव्हती. मेकॅनिकनं आमच्याकडे पाठ केली आणि गाडीची रेस वाढवली, गल्लीला ऐकू जाऊ नये म्हणून. आईनं हात काढला नाही.