पांढऱ्या ठिपक्यांचा मेपल

मेडनहेडच्या एका गार्डन सेंटरमध्ये तो जपानी मेपल मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा दोन गोऱ्या बायका त्याच्यापुढे उभ्या राहून 'हाऊ लव्हली' करत होत्या. हिरव्या पानांवर पांढरे शिंतोडे, काही पानं तर जवळजवळ पांढरीच. लेबलवर नाव होतं उकिगुमो, म्हणजे तरंगते ढग. मला हसूच आलं. आम्ही आधी मँचेस्टरला होतो, तेव्हापासून माझ्या दोन्ही हातांवर असेच ढग होते, पण त्यांना कुणी लव्हली म्हणत नव्हतं. आपल्याकडे त्याला कोड म्हणतात.

नवरा सर्जन. कोड संसर्गाचं नसतं, हे तो चारचौघांत फार छान समजावून सांगायचा. घरी मात्र मंडळाच्या गणपतीला निघताना म्हणायचा, "लांब बाह्यांचं घाल ना, उगाच लोक विचारत बसतात." लोक म्हणे! माझ्याकडे बघायला लाजत होता तो स्वतः.

ते झाड मी हट्टाने घरी आणलं. मी बॉटनी शिकलेली, अशी झाडं कुठून येतात ते मला ठाऊक होतं. तिकडे जपानमध्ये कुणा माळ्याला साध्या हिरव्या मेपलवर एखादीच चितकबरी फांदी दिसते, नाहीतर वाफ्यात एखादं वेगळंच रोप. तो ते उपटून फेकत नाही. त्याचं कलम करतो, त्याला नाव देतो, आणि त्याच्या माघारी दुसरं कुणीतरी कलमं करत राहतं. इतक्या जणांनी त्या पांढऱ्याचे लाड केले, म्हणून ते माझ्या अंगणापर्यंत पोचलं. मला त्या झाडाचा हेवा वाटायचा, खरं सांगते.

त्याची एक खोड होती. मधूनच नुसती हिरवी, जोमदार फांदी फुटायची. ती राहू दिली तर पांढऱ्या फांद्या मागे पडतात आणि हळूहळू मरतात. म्हणून हिरवी दिसली की मी छाटायचे. नवऱ्याला ते बघवत नसे. "अगं, धडधाकट फांद्या कापतेस आणि आजारी ठेवतेस?" सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई खिडकीतून भर घालायच्या, "दारात कोडाचं झाड कशाला गं?" मी किती वेळा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या वसंतात माझी आई आजारी पडली म्हणून मी पुण्याला गेले. तीन महिन्यांनी परत आले तर अंगणात एक हिरवागार, तरतरीत मेपल उभा. बुंध्याशी खताचा ढीग. सगळ्या पांढऱ्या फांद्या मुळापासून साफ, सर्जनच्या हाताने, अगदी नीट. एक ठिपका उरला नव्हता, आणि आता परत येणारही नव्हता.

"बघ," नवरा खुशीत म्हणाला, "खराब तेवढं काढून टाकलं. आता कसं नॉर्मल दिसतंय!"

माझं डोकंच फिरलं. मी दोन्ही उघडे हात त्याच्यापुढे धरले. "मग हे कधी कापतोस?"

"काहीतरीच काय गं तुझं," तो हसला. सासूबाईंना निरोप द्यायला मंडळाची चार माणसं जेवायला येणार होती. बाहेर गाडीचं दार वाजलं. त्याने खुर्चीवरचं माझं लांब बाह्यांचं कार्डिगन उचललं आणि माझ्या हातात दिलं.