उलट्या फेऱ्याचा माग

सकाळी साडेसहाला पुण्यातून निघालो तेव्हा मागच्या सीटवर उघड्या पिशवीत सुमनचे स्केट्स होते. पांढरे बूट, तळाला पोलादी पाती, आणि पात्यांना तिनेच गुंडाळलेल्या जुन्या टॉवेलच्या पट्ट्या. वळणावर पिशवी घसरू नये म्हणून मी तिला सीटबेल्ट लावला होता. हडपसरला सिग्नलवर शेजारच्या रिक्षावाल्याने ते पाहिलं आणि शहाण्या माणसासारखं तोंड फिरवलं.

सुमन माझी बायको. तिला जाऊन दीड वर्ष झालं. मला एक गोष्ट विचारायची होती, आणि ती ठाऊक असलीच तर एकाच माणसाला ठाऊक असणार होती. तो माणूस दौंडला बर्फाच्या कारखान्यात आहे, एवढंच कानावर आलं होतं.

शिक्रापूरच्या अलीकडे महामार्गालगत एक बर्फाचं मैदान होतं, हे आज तिथून जाणाऱ्याला सांगितलं तर तो माझ्याकडे त्या रिक्षावाल्यासारखा बघेल. एका हौशी मालकाने पत्र्याचा मोठा हॉल उभारला आणि आत साठ फूट लांब, चाळीस फूट रुंद बर्फ गोठवला. मी आयुष्यभर मोजणी खात्यात होतो, लोकांच्या बांधांवर साखळी टाकत हिंडलो, त्यामुळे ही मापं अंदाजाने सांगत नाही. बाहेर उन्हाने डांबर मऊ व्हायचं आणि आत शिरलं की तोंडातून वाफ निघायची. रविवारी साप्ताहिक सुट्टी असलेली कारखान्यातली मुलं यायची, कोण बिहारचं, कोण लातूरचं, एकमेकांचे शर्ट धरून आगगाडी करायची आणि सगळी एकदम पडायची. आसपासच्या गावांतून कुटुंबं यायची. म्हाताऱ्या बायका दाराशी चपला काढायच्या, वाकून बर्फाला बोट लावायच्या आणि ते बोट कपाळाला लावून मगच बाकावर बसायच्या. त्यांना कोणी तसं सांगितलं नव्हतं.

सुमनने तिथे एकोणसाठाव्या वर्षी शिकायला सुरुवात केली. बुधवारी दुपारी गर्दी नसायची, म्हणून आमचा वार बुधवार. ती बर्फावर, मी कठड्याबाहेरच्या बाकावर थर्मास घेऊन. "अहो, एकदा तरी या आत," ती म्हणायची. "पुढच्या बुधवारी," मी म्हणायचो. पहिले तीन महिने ती नुसती पडली. मग सरळ चालायला लागली, मग धावायला, आणि मग तिच्या डोक्यात उलटं जाण्याचं खूळ शिरलं. पाठमोरं घसरत मैदानाचा पूर्ण फेरा मारायचा, मध्ये एकदाही वळायचं नाही. मागची भिंत दिसायची नाही, त्यामुळे ती बाकाच्या टोकाला आली की घाबरायची. तेव्हा मी ट्रक मागे घेणाऱ्या क्लीनरसारखा ओरडायचो, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास!" ती हसायची आणि त्या हसण्यात तोल जाऊन पडायची. फेरा काही पुरा होत नव्हता.

शेवटच्या बुधवारी मी गेलो नाही. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या जागेवरून भांडणं चालली होती, आणि रेघा आखायला मोजणीवाला म्हणून मला बोलावलं होतं. मला त्या मानाचं फार अप्रूप वाटलं, हे कबूल करतो. सुमन एकटी बसने गेली. संध्याकाळी आली ती गालात हसत. "फेरा झाला?" मी विचारलं. "सांगणार नाही. पुढच्या बुधवारी येऊन बघा."

शुक्रवारी कळलं की मैदान बंद झालं. वीज परवडत नव्हती म्हणे. मी कितीदा विचारलं, पण तिचं एकच: "तोंडी सांगून तुम्हाला काय कळणार? बर्फ मिळाला की दाखवीन." बर्फासाठी मुंबईला जाऊ म्हणता म्हणता तिचं दुखणं निघालं. इस्पितळातसुद्धा मी एकदा विचारलं. तिने फक्त माझा हात दाबला आणि म्हणाली, "बर्फ मिळाला की."

तेव्हापासून ही गोष्ट माझ्या मनात अडकून बसली आहे. फेरा झाला की नाही? झाला असेल, तर तिच्या आयुष्यातल्या त्या क्षणी मी डांबरावर रंगाच्या रेघा मारत होतो.

दौंडला पोचलो तेव्हा नऊ वाजत आले होते. स्टेशनजवळ वडापाव खाल्ला आणि विचारत विचारत बर्फाच्या कारखान्यात गेलो. दारातच पाणी, लाकडाचा भुसा आणि गोणपाटं. दोन माणसं आकड्यांनी लाद्या ओढत होती आणि एक टेम्पो पाठमोरा आत येत होता. त्याचा क्लीनर मागे उभा राहून ओरडत होता, "येऊ द्या, येऊ द्या..." मी तिथेच भिंतीला टेकून उभा राहिलो. गल्ल्यावरचे म्हातारे गृहस्थ, सगळे त्यांना आप्पा म्हणत होते, उठून आले.

"काय झालं पाव्हणं? चक्कर आली का?"

"नाही. नामदेव नावाचे गृहस्थ इथे काम करतात ना? पूर्वी शिक्रापूरला स्केटिंगच्या बर्फावर होते."

"व्हते. दिवाळीला गेलं सोडून. म्हनले, लादीचा बर्फ मला आवडत न्हाई, त्याच्यावर कुनी चालत न्हाई." आप्पा हसले, मग माझ्याकडे बघून थांबले. "कवठ्याला घरी हाईत. कवठे येमाई. लांब पडंल तुमाला."

लांब पडलंच. भीमा ओलांडून न्हावऱ्याच्या बाजूने निघालो तर उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो. दोन ट्रॉल्या, दोन्हींतून ऊस बाहेर आलेला, आणि चालकाच्या कानाशी मोठ्याने गाणी. अर्धा तास हॉर्न वाजवून घसा बसला तो गाडीचाच. शेवटी एका धाब्यावर थांबून चहा घेतला आणि त्याला पुढे जाऊ दिलं. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच झेंडूचा पिवळा तुकडा, मग पुन्हा ऊस. शिरूर आलं, घोडनदीचा पूल दिसला. तिथून मलठणच्या रस्त्याला लागलो तशी जमीन कोरडी आणि उघडी होत गेली. बारमाही पाणी असलेलं रान मागे राहिलं होतं.

कवठ्यात पारावर बसलेल्या एकाने नामदेवमामांची वस्ती दाखवली. वाटेत गाडीचं चाक चारीत (पाण्याच्या उथळ पाटात) अडकलं आणि ते काढायला जे धावत आले त्यांतच मामा होते. डोक्याला टॉवेल, हातात खुरपं. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला.

"बाकावरचं साहेब," ते म्हणाले. मग मागच्या सीटकडे त्यांची नजर गेली. सीटबेल्ट लावलेली पिशवी पाहून त्यांनी डोक्याचा टॉवेल काढला. "बाई?"

मी मान हलवली.

अंगणात खाट टाकली. मामींनी तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा दिला. दुपार झालीच होती, म्हणून न विचारता ताटही आलं: बाजरीची भाकरी आणि शेंगोळी (कुळथाच्या पिठाच्या वळ्यांची तिखट आमटी). जेवताना मामा आपल्या कामाबद्दल बोलले. आधी ते दुधाच्या शीतकरण केंद्रात होते, तिथून कॉम्प्रेसरची माहिती म्हणून मालकाने त्यांना मैदानावर घेतलं. चाकांवरची टाकी ढकलत ते दर खेळानंतर बर्फावर गरम पाणी फिरवायचे. मी एकदा त्यांना विचारलं होतं की थंड का नाही वापरत. "थंड पानी वरच्यावर गोठतं. चिरंमधी शिरायचं तर गरमच लागतंय," असं ते म्हणाले होते, आणि मला ते बर्फाबद्दल आहे असंच तेव्हा वाटलं होतं.

हात धुतल्यावर मी स्केट्स त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी पट्ट्या सोडल्या, पात्यावरून अंगठा फिरवला.

"धार मीच लावली व्हती त्या बुधवारी. तवापासनं ही पाती चाललीच न्हाईत."

"मामा, त्या बुधवारी तिने उलटा फेरा पुरा केला का?"

"मी बघितलं न्हाई साहेब. मी मशीनखोलीत व्हतो."

एवढ्या लांब येऊन हेच ऐकायचं होतं तर घरी बसलो असतो तरी चाललं असतं. पण मामा उठले, कुंपणातली एक काडी मोडून आणली आणि माझ्यापुढे जमिनीवर बसले.

"माझा बा माग काढायचा," ते म्हणाले. "जनावर चोरीला गेलं की चार गावांतनं त्येलाच बोलावनं. आमाला पोरपनापासनं तीच सवय. पानी फिरवायच्या आदी मी रोज बर्फ वाचायचो. त्या दिशी दुपारी पानी फिरवून आरशावानी केला व्हता. त्याच्यावर बाईंशिवाय कुनीच उतरलं न्हाई. त्या गेल्या आन् मी वाचाय गेलो."

त्यांनी मातीत चौकोन काढला. लांबी-रुंदीचं प्रमाण इतकं बरोबर होतं की खात्यात असते तर मी त्यांना शाबासकी दिली असती. बाहेर एक दगड ठेवला. "ह्ये तुमचं बाक. सरळ चालल्यावर माशाच्या काट्यावानी रेघा पडत्यात. उलटं गेल्यावर चंद्रकोरी पडत्यात, एकीला एक लागून." काडी बाकाच्या अलीकडून निघाली आणि लहान लहान कोरी काढत चालली. पहिली लांब बाजू. कोपरा. आखूड बाजू. मी खाटेवरून खाली उतरून बसलो. दुसरा कोपरा, तिसरी बाजू. कोरी कुठेच तुटल्या नव्हत्या. काडी वळून पुन्हा बाकाच्या बाजूला आली, आणि दगडापासून वीतभर अंतरावर थांबली. तिथून त्यांनी दोन सरळ रेघा ओढल्या आणि आडवी एक.

"हितं बाई फिरल्या. तोंड पुढं केलं आन् थांबल्या. सगळा फेरा उलटा, फकस्त बाकापुढलं चार हात ऱ्हायलं."

"चारच हात? मग का थांबली?"

"त्ये बर्फावर न्हवतं साहेब. जेवढं व्हतं तेवढं सांगितलं."

पण मला कळलं. त्यांना सांगता आलं नाही, कारण त्यांना माझं ओरडणं मशीनखोलीत ऐकू जात नसे. त्या टोकाला आल्यावर तिला मागे किती जागा आहे ते कळत नव्हतं. माझी हाक आली नाही, म्हणून तिला वळून बघावं लागलं. बाक रिकामं होतं. उरलेले चार हात तिने पुढच्या बुधवारसाठी ठेवले, आणि घरी येऊन हसली. मला रडू आलं. मामी चुलीपाशी जाऊन भांडी आवरायला लागल्या, मला मोकळं रडता यावं म्हणून.

थोड्या वेळाने मामा म्हणाले, "त्याच्यावर पानी फिरवलं न्हाई. टाकी तापवत व्हतो, तेवढ्यात फोन आला, की मशीन बंद करा, उद्यापासनं न्हाई. म्हनले, बर्फ फोडून गटारीत टाका. म्हंजी बाईंच्या रेघा तशाच ऱ्हायल्या, पार वितळंपतूर."

"आणि गटारात गेल्या."

"न्हाई, न्हाई. मे महिना, हिर कोरडी पडलेली. एवढं पानी गटारीत सोडायला माझा हात धजना. वळखीचा टँकर व्हता. दोन खेपात हितं आनलं." त्यांनी हनुवटीने विहीर दाखवली. "कांद्याचं रोप जगलं तेच्यावर."

मी विहिरीपर्यंत गेलो. निम्मी भरलेली, कडेला एक पारवा. मधल्या पावसाळ्यांनंतर त्या पाण्याचा थेंबही इथे उरला नसणार, एवढा हिशेब मलाही कळतो. तरी परत येऊन मी आणखी एक तांब्या पाणी मागितलं. मामींनी काही न विचारता शेंदून आणलं.

निघताना मामांनी पात्यांवरून तेलाचं बोट फिरवून पट्ट्या पुन्हा गुंडाळल्या. "गंज धरू देऊ नका," म्हणाले.

पाबळवरून शिक्रापूरला उतरलो. चौकात ट्रकची रांग लागली होती. हॉल अजून आहे, पण आत गोदाम झालं आहे. दार उघडं होतं, हमाल खोकी उतरवत होते. जिथे बर्फ होता तिथे सिमेंटची जमीन आणि तिच्यावर खोक्यांच्या थप्प्या. दाराशी एका हमालाने चपला काढून ठेवल्या होत्या, नव्या असाव्यात. मी गाडी थांबवली नाही. कोरेगाव भीमा मागे पडेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं.

सोसायटीत शिरलो तेव्हा पार्किंगच्या त्या रेघा समोर आल्या. त्या बुधवारी आखलेल्या, अजूनही सरळ. प्रवासात माणूस काहीतरी मिळवून येतो म्हणतात. मी चार हात अंतर घेऊन आलो होतो, आणि ते माझ्याच नावावर होतं. गाडी पाठमोरी आत घेतली आणि निम्म्यात थांबवली.

वॉचमन सावंत खुर्चीवरून म्हणाले, "साहेब, मागे अजून जागा आहे."

"सावंत, जरा मागे उभे राहता का? मला सांगा."

ते जरा चकित झाले. रोज मी त्यांना बाजूला व्हायला सांगतो. पण उठले, भिंतीपाशी जाऊन उभे राहिले आणि हात हलवायला लागले.

"येऊ द्या, साहेब. येऊ द्या. येऊ द्या..."

ते बास म्हणेपर्यंत मी गाडी मागे घेत राहिलो.