आमच्या विहिरीचं ॲप

मी चौथी शिकलेला माणूस. पण आम्हा तीन भावांची सामाईक विहीर माझ्या शब्दावर चालते, आणि तो शब्द कधी कोणी खोटा पाडला नव्हता. तो पाडला नगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या चार पोरांनी. त्यातली एक माझीच नात.

त्यांना प्रोजेक्टसाठी पाणीपाळीचं ॲप करायचं होतं. पहिल्याच दिवशी ओट्यावर बसवून मी सांगितलं, "आमची पाळी घड्याळावर न्हाई, लाईटीवर हाय. लाईट गेली की पाळी थांबली. आली की त्याचीच पुढं."

चष्म्यावाला पोरगा म्हणाला, "आजोबा, ते नंतर बघू." आणि विहिरीचे फोटो काढत बसला. चहा मात्र दोनदा घेतला.

ॲप सुरू झालं. धाकटा भाऊ गेल्यापासून भावजय एकटीच शेत बघते. तिच्या पाळीला लाईट गेली. परत आली तोवर मोबाईलनं मधल्या भावाच्या पोराची पाळी लावलेली. त्यानं पाणी वळवून घेतलं, आणि हिच्या कांद्याच्या रोपाचे चार वाफे करपले. तिनं पोरांना जाब विचारला, तर म्हणाले, "आजोबांनी उशिरा सांगितलं." तेव्हापासून ती माझ्या दारावरून मान वळवून जायची.

मग पोरं रिपोर्ट घेऊन आली. नातीनं वाचून दाखवलं, 'वापरकर्त्याने महत्त्वाची गरज उशिरा सांगितली.' वापरकर्ता म्हणजे मी. आणि खाली सही पण माझीच हवी.

"न्हाई करत," मी म्हणालो.

"आजोबा, सगळेच असं लिहितात. सही नसली तर मार्क जातील," नात म्हणाली.

"जाऊ दे. माझं काय गेलं ते तुझ्या धाकट्या आजीला विचार."

चष्म्यावाला खाली बघत म्हणाला, "तुम्ही सांगितलं होतं. आम्हाला ते महत्त्वाचं वाटलं नाही."

"मंग तेच लिही की, बाबा."

नातीनं ओळ खोडली. 'पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही' असं लिहिलं. मी चौघांना घेऊन भावजयीच्या वावरात गेलो आणि तिच्यापुढं ते वाचायला लावलं. ती खुरपणं सोडून उठलीसुद्धा नाही.

"आता कागदावर घेतलं. त्या दिशी कानावर घ्यायचं हुतं," ती पोरांना म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "भाऊजी, पुढची पाळी कवा हाय माझी?"

मी पाळी सांगितली, आणि तिथंच बांधावर बसून सही केली. पोरांना चहा काही विचारला नाही.